टरफल दाखवा

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याच्या मनात ऋषींविषयी आदर होता, की चौकशी केल्यास काय बाहेर पडेल ह्याची धास्ती होती, कोण जाणे. मला धास्तीच अधिक संभवनीय वाटते. पण त्या भल्या माणसाने आपल्या यादीत सापाचे नाव घातले नव्हते. ते काम आता मुंबईच्या हौशी मंडळींनी पुरे केले आहे. दादरच्या एखाद्या जुन्या ब्लॉकात, गिरगावात चाळ पाडून उठवलेल्या एखाद्या मनोऱ्यात, लालबाग-परळला गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या चाळिसाव्या मजल्यावर, कुठे कुठे दिवाणखान्यात काचेची पेटी दिसते. पेटीत ऊब देणारा दिवा असतो आणि दिव्याखाली वेटोळे करून एक परदेशी साप पडलेला असतो. हा कुठून आला, असे विचारा. उत्तर ठरलेले आहे: ‘कॅप्टिव्ह ब्रेड’. म्हणजे माणसाच्या पदरी असलेल्या जोडीच्या पोटी, माणसाच्या देखरेखीखाली जन्मलेला; रानातून धरून आणलेला नव्हे.

हे दोन शब्द उच्चारले की गंगाजळ शिंपडल्यासारखे होते. साप शुद्ध, विकणारा शुद्ध, पाळणारा त्याहून शुद्ध. पुढे कुणी काही विचारायचे नाही. विचारलेच, तर आणखी एक जाणकार पुढे सरसावतो आणि सांगतो, की त्यात काय, रानचा साप नुसत्या नजरेने ओळखता येतो. ह्या जाणकाराशीच माझे भांडण आहे. तो लबाड आहे असे मी म्हणत नाही. बहुधा तो प्रामाणिकच असतो. पण त्याच्या ह्या प्रामाणिक विद्येच्या आडोशाने केवढा मोठा व्यापार सुखाने चालला आहे, ह्याची त्याला कल्पना नाही.

गेल्या वर्षी दादरला एका स्नेह्याच्या घरी गेलो असता त्यांच्या पुतण्याने आपला साप मला दाखवला. बॉल पायथन, पश्चिम आफ्रिकेतला लहानखुरा अजगर, तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके, देखणा म्हणावा असाच. मुलगा शिकलेला, सापाची निगा मनापासून राखणारा. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, “काका, घाबरू नका. हा जंगलातला नाही, कॅप्टिव्ह ब्रेड आहे.”

“कशावरून?”

“दुकानदाराने सांगितले. आणि बघा ना, किती शांत आहे! हातात घेतला तरी चावत नाही.”

त्या सापाने डोके मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू केला होता. ह्या जातीला ‘बॉल’ हे नाव पडले ते ह्याच सवयीवरून, आणि ती सवय भीतीची आहे. आफ्रिकेतल्या रानात शत्रू समोर आला म्हणजे तो हेच करतो. काल धरलेला बॉल पायथनही तुमच्या ओंजळीत असाच मुकाट पडून राहील. ज्याला आपण माणसाळलेपणा म्हणतो तो पुष्कळदा त्या प्राण्याने जिवाच्या भयाने धरलेला श्वास असतो. हे मी त्या मुलाला सांगितले नाही, कारण त्याची काकू चहा घेऊन आली. पण येथे सांगायला हरकत नाही.

आता त्या प्रसिद्ध खुणांकडे वळू. जाणकार सांगतात, रानच्या सापाच्या खवल्यांखाली गोचीड सापडतात. खरे आहे, सापडतात. डोळ्याच्या कडेला, गळ्याखालच्या घडीत किंवा शेपटीच्या मुळाशी चिकटलेला गोचीड दिसला, तर तो साप, किंवा निदान त्याचा शेजारी, उघड्यावर राहून आला आहे हे मानायला हवे. पण गोचीड चिमट्याने काढता येतो. विक्रेत्याला डोळे असतात आणि त्याच्याकडे चिमटाही असतो. मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक असे काळे किडे अंगावर हिंडताना दिसले, तर काही लोक त्यांनाही रानाची खूण समजतात. वस्तुतः ते किडे दाटीवाटीने साप ठेवणाऱ्या दुकानांत आणि गोदामांत फोफावतात, आणि सात पिढ्या पेटीत काढलेल्या सापालाही ते होतात.

दुसरी खूण अंगावरच्या जुन्या व्रणांची. रानात उंदीर चावतो, मुंगूस ओरबाडतो, काट्याने खवले फाटतात. हेही खरे. पण पेटीत जिवंत उंदीर सोडून निघून जाणारे धनी मुंबईत काय थोडे आहेत? तो उंदीर भुकेल्या सापाला खातो की सुस्त सापालाच कुरतडतो, हे दुसऱ्या दिवशी कळते. मग त्या सापाच्या पाठीवर जो व्रण राहतो तो आफ्रिकेचा की अँटॉप हिलचा, हे कोणता जाणकार सांगणार?

तिसरी खूण खाण्याची. रानातून आलेला मोठा साप बर्फातला उंदीर तोंडात धरत नाही, महिनोन् महिने उपाशी राहतो; पैदाशीचा साप चिमट्याने पुढे केलेले उंदराचे पिल्लू मुकाट्याने गिळतो. ह्यात पुष्कळ तथ्य आहे. पण बॉल पायथन ही जातच उपासाची. घरच्या पैदाशीची मादीही ऋतू आला की दोन-चार महिने अन्नाला शिवत नाही, आणि तिचा धनी रात्री-बेरात्री डॉक्टरांना फोन करतो. उलट रानातल्या अंड्यातून निघालेले पिल्लू पंधरवड्यात उंदीर खायला शिकते. चौथी खूण पोटातल्या जंतांची. तीही विष्ठा तपासून दिसते; आणि औषधाने जाते.

ह्या सगळ्या खुणांचा स्वभाव ध्यानात घ्या. त्या एकाच बाजूने बोलतात. गोचीड आहे, जुने व्रण आहेत, जंत आहेत, आणि साप खातही नाही, असे सगळे एकत्र दिसले तर तो रानातला असावा असा तर्क करता येतो. पण ह्यातले काही नसले, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. निरोगी, टुकटुकीत, अंगावर ओरखडा नसलेला साप हा घरच्या पैदाशीचा असेल, रानातून अंडे आणून उबवलेला असेल, किंवा लहानपणीच धरून सहा महिने नीट पोसलेला असेल. नजरेची विद्या ही गोचिडापर्यंत पोचते. गोचीड काढला की ती विद्याही संपली.

मॉर्फ म्हणून जे रंगीत साप विकतात, पांढरे-पिवळे, पट्ट्यांचे, बिनठिपक्यांचे, ते बहुतांशी पैदाशीचेच असतात, हे कबूल करायला हवे. पांढऱ्या-पिवळ्या बॉल पायथनची पैदास अमेरिकेत १९९२ साली प्रथम साधली, आणि तिथून हा धंदा रंगांच्या मागे लागला. (त्या रंगाचा मूळपुरुषही आफ्रिकेच्या रानातूनच आला होता, पण असो.) असे अनेक रंग पिढ्यांचा हिशेब ठेवल्याशिवाय उभे करता येत नाहीत, म्हणून तिथे रंग हाच थोडाफार दाखला. पण स्वस्तात मिळतो तो साधा, तपकिरी साप. मुंबईच्या मध्यमवर्गीय खिशाला परवडणारा तोच. आणि नेमक्या त्याच्याच बाबतीत अंगावर काही लिहिलेले नसते.

प्रयोगशाळेत काही कळत नाही का? कळते. कातेतल्या कार्बनाच्या आणि नायट्रोजनाच्या प्रमाणावरून त्या प्राण्याने काय खाल्ले ह्याचा माग काढता येतो, आणि रानातला आहार व पिंजऱ्यातला आहार ह्यांत फरक पडतो. डीएनए तपासून हे पिल्लू ह्या जोडीचे आहे की नाही, हेही ठरवता येते. पण त्यासाठी जोडी हजर हवी. पोपटासारख्या पक्ष्याच्या पिलाला अगदी लहान असताना पायात अखंड कडे घालतात; पाय वाढला की ते निघत नाही, आणि मोठ्या पक्ष्याला ते चढवताही येत नाही, म्हणून कड्याला पुराव्याची किंमत आहे. सापाला पायच नाहीत. त्याच्या कातडीखाली चिप बसवतात. पण चिप सांगते ती एवढेच, की हा अमुक क्रमांकाचा साप. तो क्रमांक मिळण्यापूर्वी तो कुठे होता, हे चिपला विचारून काय उपयोग!

ह्या सगळ्याहून एक फसवी गोष्ट आहे, आणि तीच मला अधिक विस्ताराने सांगायची आहे. ‘घरी जन्मला’ आणि ‘पैदाशीचा’ ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्याकडचे मांडूळ घ्या. मऊ मातीत राहणारा, बोथट शेपटीमुळे दुतोंड्या म्हणून ओळखला जाणारा हा गरीब बिनविषारी साप. त्याने गुप्तधन सापडते, असाध्य रोग बरे होतात, अशा थापांवर त्याचा लाखांचा भाव बोलला जातो, वजनावर किंमत ठरते, आणि मुंबई-ठाण्यात पोलीस वरचेवर अशा टोळ्या पकडतात. मांडूळ अंडी घालत नाही, पिल्ले देते. समजा, कुणी गाभण मादी शेतातून उचलली आणि पंधरा दिवसांनी ती त्याच्या घरी व्याली. ती पिल्ले घरी जन्मली हे अक्षरशः खरे आहे. आणि त्या शेतातून एक मादी व तिची सगळी वीण नाहीशी झाली हेही तितकेच खरे. देशी प्राण्यांपुरता आपला कायदा शहाणा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्या प्राण्यांना संरक्षण दिले आहे त्यांना परवानगीवाचून धरले काय, पाळले काय किंवा बंदिवासात वाढवले काय, तो प्राणी सरकारचा. ‘आमच्या घरी जन्मला हो’ ह्या सबबीला तिथे जागाच ठेवलेली नाही.

बॉल पायथनच्या मायदेशी हीच सबब हा राजमान्य धंदा झाला आहे. घाना, टोगो, बेनिन हे देश. तिथे हा अजगर उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहतो. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण त्यालाही ठाऊक असावी. बेनिनमधल्या विदा गावी त्याचे देऊळ आहे, आणि तिथे त्याला कुणी इजा करत नाही. पण इतरत्र माणसे बिळे खणून गाभण माद्या आणि अंडी गोळा करतात, माद्या अंडी घालीपर्यंत आवारात ठेवतात, अंडी उबवतात, आणि निघालेली पिल्ले पेट्यांत भरून परदेशी धाडतात. मादी एका खेपेला सहा-सात अंडी घालते, आणि सगळ्या माद्या दर वर्षी घालतात असेही नाही. १९७५ पासून पश्चिम आफ्रिकेतून तीस लाखांहून अधिक बॉल पायथन जिवंत निर्यात झाले. साइट्स ह्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परवान्यावर प्राण्याच्या उगमाचे एक अक्षर असते. रानातून धरलेल्याला डब्ल्यू; असे अंडे आणून उबवलेल्याला आर; बंदिवासात जन्मलेला, पण पैदाशीची पुरी कसोटी न उतरलेला त्याला एफ; आणि खऱ्या पैदाशीच्या सापाला सी. सी मिळवायचे तर मूळ जोडी कायद्याला धरून मिळवलेली असावी लागते, आणि त्या पैदाशीची मजल दुसऱ्या पिढीपर्यंत जाते हे दिसावे लागते. म्हणजे जगाने हा भेद ओळखला आहे, त्याला अक्षरे दिली आहेत. पण ते टोगोचे आर पिल्लू दोन देश ओलांडून, तीन हात बदलून मुंबईच्या गिऱ्हाइकापुढे येते तेव्हा ते अक्षर कुठे गळून पडलेले असते. त्याच्या अंगावर गोचीड नसतो, व्रण नसतो, उंदीर ते आवडीने खाते. जाणकार त्याला उलटसुलट करून पाहतो आणि सांगतो: शंभर टक्के कॅप्टिव्ह ब्रेड.

अक्षर गळून न पडताही खोटे असू शकते. इंडोनेशियातून हिरवे अजगर ‘पैदाशीचे’ म्हणून परदेशी जात. जेसिका लायन्स आणि डॅनियल नटुश ह्या दोघा अभ्यासकांनी पापुआकडील बेटांवर जाऊन व्यापाऱ्यांकडचे साप मोजले. रानातून धरलेले चार हजारांवर साप त्यांच्या नोंदीत आले. २०११ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला, की पैदाशीचे म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी निदान ८० टक्के रानातलेच आहेत. पाचांतले चार! आणि हे सगळे साप परवान्यानिशी गेले. त्यांच्या युरोप-अमेरिकेतल्या धन्यांनी ते परवाने जपून ठेवले असतील, पाहुण्यांना दाखवलेही असतील.

आता आपल्या घरच्या कागदाकडे येऊ. ११ जून २०२० रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक सूचनापत्र काढले. ज्यांच्यापाशी साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी आहेत त्यांनी ते सहा महिन्यांच्या आत स्वखुशीने जाहीर करावे. जे मुदतीत करतील त्यांच्याकडे कसलेही कागदपत्र मागितले जाणार नाहीत. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. कुणाकडे काय आहे हे सरकारला ठाऊकच नव्हते, आणि कुठून तरी सुरुवात करायला हवी होती. पण परिणाम काय झाला? ज्याने पैदास करणाऱ्याकडून पावतीनिशी साप घेतला होता तो, आणि ज्याने बँकॉकहून मोज्यात गुंडाळून आणलेला साप घेतला होता तो, दोघांच्या सापांचा जन्म एकाच दिवशी, नोंदणीच्या दिवशी, झाला. त्यापूर्वीचे सगळे माफ. बॉल पायथन नीट ठेवला तर वीस-तीस वर्षे जगतो. म्हणजे २०२० साली ज्यांचे कूळ पुसले गेले त्या माद्या आजही अंडी घालीत आहेत, आणि त्यांची पिल्ले ‘भारतात जन्मलेली’ म्हणून विकता येतात. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सचे प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, २०२४ च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम निघाले. मालक बदलला तर कळवा, पिल्ले झाली तर कळवा, मेला तर कळवा. उत्तम आहे. पण घराचा पाया ज्या विटांवर घातला त्या कुठल्या, हे विचारायचे राहूनच गेले, आणि वरचे मजले मात्र कायद्याने बांधले जात आहेत. गिरगावात राहणाऱ्या माणसाला असल्या इमारती नव्या नाहीत.

ह्यावर कुणी म्हणेल, आफ्रिकेतल्या वारुळातून दोन साप कमी झाले तर त्याचे लालबागच्या माणसाला काय? विमानतळावर काय सापडते ते पाहा, म्हणजे त्याचे काय ते कळेल. २०२३ च्या डिसेंबरात बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले अकरा साप मुंबईत सापडले: नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. निदान बिनविषारी. २०२५ च्या जून महिन्याच्या पहिल्याच दिवशी थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या पेटीतून निघाले ते इंडोनेशियातले पिट व्हायपर, आणि त्यांच्यासोबत तीन कोळीशेपटे व्हायपर. ह्या कोळीशेपट्याच्या शेपटीला कोळ्यासारखा गोंडा असतो आणि तो हलवून हा साप पक्ष्यांना भुलवतो. पश्चिम इराणच्या डोंगरांत तो राहतो आणि शास्त्राला त्याची ओळख पटली तीच मुळी २००६ साली. इराणच्या डोंगरातला प्राणी थायलंडमार्गे सहारला येतो, तेव्हा त्याच्या पैदाशीची कथा सांगणाराही कुणीतरी वाटेत उभा असणारच.

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली हाफकिन साहेबाची प्रयोगशाळा आली; १९२५ पासून संस्थेला त्याचे नाव आहे. परळ-लालबागच्या जुन्या माणसांना हाफकिन म्हटले की साप आठवतो, आणि गावाकडून आलेल्या नातेवाइकाला तिथले साप दाखवायला नेल्याची आठवण असते. सर्पदंशावरची लस म्हटली की ह्या शहराला परळ आठवते. पण आपल्या देशात मिळणारी ही लस चार सापांच्या विषावर तयार होते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. इंडोनेशियाचा पिट व्हायपर आणि इराणचा कोळीशेपटा ह्या चौघांत बसत नाहीत. असला साप कुणाच्या ब्लॉकात शिरला आणि मोलकरणीला चावला, तर केईएमच्या डॉक्टराने काय टोचायचे? सापाचे कूळ विचारणे ही केवळ प्राणिमित्रांची नाजूक भावना आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

आणखी एक युक्तिवाद नेहमी ऐकतो: “आमच्यावर काय टीका करता? त्या गारुड्यांनी नागांचे काय हाल केले ते आठवा.” आठवतात. नागपंचमीला फणसवाडीत आणि मुगभाटात पुंगीचा सूर आला की बाया दूध-लाह्या घेऊन खाली उतरत. त्या नागाचे विषारी दात उपटलेले असत, कधी तोंडही शिवलेले असे, आणि जे दूध साप कधी पीत नाही ते तो तहानेने व्याकूळ होऊन ओढी. तो प्रकार क्रूर होता, आणि कायद्याने तो बंद केला हे फार बरे झाले. पण त्या गारुड्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हा नाग माझ्या घरी जन्मला, असे तो कधी म्हणाला नाही. उलट अमक्या डोंगरातून, तमक्या वारुळातून कसा धरला, ह्याच्या बढाया तो मारी. त्याच्या टोपलीत क्रौर्य होते. कुळाविषयीची लबाडी नव्हती. आजच्या पेटीत ऊब आहे, स्वच्छ पाणी आहे, दर रविवारी जेवण आहे, आणि उगमाविषयी एक अक्षर खरे असेल अशी शाश्वती नाही.

रानचा साप रानचा म्हणूनच हाताळणारी माणसे देशात आहेत. तामिळनाडूतल्या इरुळांनी १९७८ साली आपली सहकारी संस्था काढली. पूर्वी कातड्यांसाठी साप मारून पोट भरणारे हे लोक. १९७६ साली कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली आणि चूल बंद पडायची वेळ आली. आता ते सरकारी परवान्याने साप धरतात, सुमारे तीन आठवडे मडक्यात ठेवतात, चार वेळा विष काढतात आणि परत सोडून देतात. सोडण्यापूर्वी पोटावरचा खवला किंचित कातरतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरून आणला तर ओळखू यावा. कात पडत जाते तशी ती खूणही बुजत जाते. धरला कुठे, ठेवला किती दिवस, सोडला कधी, ह्याचा हिशेब आहे. आपल्या लशीतले विष मुख्यतः तिथूनच येते. ज्यांना अडाणी म्हणून आपण नावे ठेवली त्यांना हे जमते, आणि पदवीधर पेटीवाल्याला जमत नाही, ह्याला मी आळस म्हणत नाही. न विचारण्यात फायदा असतो.

शिवाय चौकशी करण्याची कला मुंबईकराला येत नाही असे थोडेच आहे! क्रॉफर्ड मार्केटात हापूस घेताना आमची गृहिणी विक्रेत्याला किती प्रश्न विचारते ते उभे राहून ऐकावे. देवगड की रत्नागिरी? की कर्नाटकचा माल देवगडच्या पेटीत? देठाचा वास घेईल, पेटीचा तळ उचकून पाहील, आणि समाधान झाले नाही तर चालती होईल. त्याच घरातला मुलगा कुत्र्याचे पिल्लू आणायला जातो तेव्हा केनेल क्लबचा दाखला मागतो, त्यावर आजा-पणजाची नावे वाचतो. आंबा आठवड्यात संपतो, कुत्रा दहा-बारा वर्षांचा सोबती. पंचवीस वर्षे घरात राहणाऱ्या सापाची आई कोण, एवढे मात्र विचारवत नाही.

खरी पैदास करणारे लोक आहेत, आणि त्यांना ह्या प्रश्नाचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यांच्यापाशी वही असते. ही जोडी, अमुक तारखेला एकत्र सोडली, अमुक तारखेला सहा अंडी, त्यांतले एक वांझ, उबवण्याच्या पेटीत पंचावन्न-साठ दिवस, अमुक दिवशी पहिले पिल्लू बाहेर, अमुक दिवशी पहिली कात, अमुक दिवशी पहिले जेवण. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली असतानाचा फोटो असतो. आईबाप कुठून घेतले त्याची पावती असते. असा माणूस समोर आला तर त्याच्याकडून साप घ्यावा की नाही हा वेगळा वाद आहे, तो मी आज घालत नाही. पण ज्याच्याकडे वही नाही, फोटो नाही, मादी दाखवायला नाही, त्याचा साप रानातला समजावा आणि उठून यावे. सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. गिऱ्हाइकाने भिंग घेऊन गोचीड शोधत बसायचे कारण नाही, आणि सरकारनेही नोंदणीच्या वेळी हेच मागावे: पिल्लाची नोंद आईच्या नोंदीला जोडलेली, आईची तिच्या आईला, आणि जिथे साखळी तुटते तिथे विक्री बंद. ज्यांच्याकडे आज असे साप आहेत त्यांनी ते मरेपर्यंत सुखाने पाळावेत, फक्त विकू नयेत आणि त्यांची वीण वाढवू नये.

लायन्स आणि नटुश ह्यांनी इंडोनेशियासाठी एक साधी सूचना केली होती. पैदास केंद्रांनी अंड्यांची टरफले जपून ठेवावीत. जेवढी पिल्ले विकायची तेवढी टरफले तपासनिसापुढे मांडायची. मला ही सूचना फार आवडली. आमच्या पिढीला टरफल म्हटले की शाळेतल्या टिळकांची गोष्ट आठवते: शेंगा मी खाल्ल्या नाहीत, टरफले मी उचलणार नाही. इथे न्याय उलटा आहे. पिल्ले माझ्याकडे झाली असे जो म्हणतो, त्याने टरफले काढून दाखवावीत.

मध्य मुंबईतल्या एका दुकानात मी ही मागणी करून पाहिली. दुकानदार वयाने माझ्या मुलाएवढा, बोलायला गोड. “काका, साप नीट पारखून घ्या, पण टरफल कोण ठेवतो? असले विचारत बसलात तर आमचा धंदा कसा चालायचा?”

मी म्हटले, “अंडी कुणाकडे झाली त्याचे नाव सांग. मी त्याला विचारतो.”

त्याने मालकाला फोन लावल्यासारखे केले, लागत नाही म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला गप्पी मासे हवे होते.